पाचटाला काडी लावण्याआधी

सातारा,
12 जानेवारी

चि. बंडू यास,


तुझा मेसेज, पिवळ्या पडलेल्या उसाचा फोटो आणि जमीन आरोग्य पत्रिकेचा फोटो, सगळं मिळालं. फोनवर इतकं सगळं सांगून होत नाही आणि दादालाही वाचता यावं म्हणून सविस्तर लिहिते आहे. ऊसतोडीची टोळी फड संपवून गेली की पाचट पेटवून द्यायचं आणि खोडव्याला युरियाची दोन पोती जादा टाकायची, असा तुझा विचार दिसतो. यातलं एकही करू नकोस.

आधी त्या पिवळ्या पानांचं बघू. लावणीचा ऊस पावसाळ्यात पिवळा पडला, म्हणून दुकानदाराने युरिया द्यायला सांगितला आणि तू दिलास. पण उसाचा तो फोटो मी मोठा करून पाहिला. खालची जुनी पानं हिरवीगार आहेत; पिवळी आहेत ती पोंग्याजवळची कोवळी पानं, आणि त्यांच्याही शिरा हिरव्या आहेत. नत्र कमी पडलं की ऊस जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याकडे पाठवतो, त्यामुळे पिवळेपणा खालून वर चढतो. लोहाला असं जागचं हलता येत नाही. ते कमी पडलं की त्याचा फटका सगळ्यात आधी नव्या पानाला बसतो. आपल्याकडे ज्याला केवडा म्हणतात तो हाच, आणि त्यावर युरियाचा काडीचाही उपयोग नाही. तुझ्या आरोग्य पत्रिकेच्या कार्डावर सामू 8.3 आणि लोह ‘कमी’ असंच लिहिलं आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना उचलता येईल अशा रूपात ते राहत नाही. एकरी 10 किलो फेरस सल्फेट घे, दसपट शेणखतात कालवून आठवडाभर ओलसर मुरू दे आणि मग दे. नुसतं जमिनीवर फेकलंस तर चार दिवसांत ते पुन्हा निरुपयोगी होईल.

युरियाकडे हात जातो, कारण तो स्वस्त आहे. 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतं. 2010 पासून स्फुरद आणि पालाशाच्या खतांचं अनुदान त्यांतल्या अन्नद्रव्यांप्रमाणे ठरू लागलं, त्यांच्या किमती चढल्या, आणि युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला. या एका निर्णयाने शेतकऱ्याच्या हातात चुकीचं पोतं दिलं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पोत्यात नत्र असतं साधारण 21 किलो. ओल्या सरीत, आठच्या वरच्या सामूच्या जमिनीवर युरिया उघडा पडला की त्यातला बराचसा अमोनिया होऊन हवेत जातो. उरलेल्याचं नायट्रेट होतं, आणि सरी तुडुंब भरेपर्यंत तू पाणी सोडलंस की ते मुळांच्या खाली उतरतं. पुढे ते सापडतं विहिरीच्या पाण्यात. माझी अख्खी नोकरी माती आणि पाणी तपासण्यात गेली, म्हणून हे इतक्या कळकळीने सांगते आहे.

तेव्हा खत वाढवायच्या ऐवजी गाडून दे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खोडव्यासाठी पहारीची पद्धत सांगितली आहे. वाफसा असताना बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर पहारीने तेवढंच खोल भोक घ्यायचं, फूटभर पुढे दुसरं. एकाने पहार मारायची, मागून येणाऱ्याने खताचं मिश्रण भोकात टाकून पायाने माती दाबायची. निम्मं खत तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूला, उरलेलं साधारण 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला. दोन माणसांची मजुरी जाईल. ती जाऊ दे.

आता पाचट. एका एकरात तीन-साडेतीन टन तरी निघतं. त्यात जवळपास अर्धा टक्का नत्र, टक्काभर पालाश आणि 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब असतो. पेटवलंस तर पालाश बराचसा राखेत राहतो, हे खरं. पण नत्र, गंधक आणि कर्ब धुरावाटे जातात. तुझ्या कार्डावर सेंद्रिय कर्ब 0.38 आहे, म्हणजे ‘कमी’. ज्या रानात कर्बच नाही तिथे दिलेलं खत धरून ठेवायला काहीच नसतं, आणि म्हणूनच दरवर्षी एक पोतं वाढवावं लागतं. शेणखत विकत घ्यायला तू पैसे बाजूला काढतोस आणि रानात आयता आलेला कर्ब जाळतोस, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्या सऱ्यांत पाचट सारखं पसर. बुडखे मोकळे करून धारदार कोयत्याने जमिनीलगत छाट. मग पाचटावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी दे. हा युरिया उसासाठी नाही, जिवाणूंसाठी आहे. तो मिळाला नाही तर पाचट कुजवताना ते जमिनीतलंच नत्र ओढतात आणि फुटवे पिवळे पडतात. पुष्कळ जण पाचट नुसतं ठेवतात, ऊस पिवळा दिसला की घाबरतात आणि पुढच्या वर्षी परत काडी लावतात.

कार्डाविषयी एक शंका आहे. बागायती भागात अडीच हेक्टरला एक नमुना, अशा हिशेबाने ही कार्डं तयार होतात. म्हणजे तुझ्या कार्डावरची माती शेजारच्या रानातलीही असू शकते. खत पडायच्या आत स्वतः नमुना घे. बांध, पाट आणि उकिरड्याची जागा टाळून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घे आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवड. ती प्लॅस्टिकच्या घमेल्यात गोळा कर. लोखंडी घमेल्याने लोहाचा आकडा चुकतो. सगळी मिसळून अर्धा किलो ठेव, सावलीत वाळव. खालच्या पट्टीत पांढरं फुटतं, असं दादा म्हणत होता. तिथला नमुना वेगळा काढ, वरच्या मातीत मिसळू नकोस. तिथला प्रश्न खताचा नाही, निचऱ्याचा आहे. त्यावर पुढच्या पत्रात लिहीन.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग. सगळ्या रानावर हा प्रयोग करायला दादा तयार होणार नाही, हे मी जाणून आहे. निदान विहिरीकडच्या एका एकरातलं पाचट तरी ठेवा. दोन्हीकडच्या खताचा आणि वजनाचा हिशेब वेगळा लिहा आणि पुढच्या तोडणीला मला कळवा.

तुझी,
आत्या