पाण्याची धास्ती आणि प्रौढ शरीर

बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांत पोहणे शिकण्याची जुनी शाळा म्हणजे शेतातली विहीर. पाठीला वाळलेला भोपळा किंवा झाकण घट्ट बसवलेला रिकामा पत्र्याचा डबा बांधून मुलाला काठावरून पाण्यात ढकलण्याच्या या पद्धतीने अनेक जण पट्टीचे पोहणारे झाले, तशीच काहींच्या मनात पाण्याची कायमची धास्तीही बसली, हे मात्र कौतुकाने सांगितले जात नाही. अशी धास्ती बाळगत चाळिशी गाठलेल्या माणसाची अडचण पाण्यापेक्षा मानेत अधिक असते: नाक वाचवण्यासाठी तो डोके वर ताणतो, त्यामुळे कंबर व पाय खाली जातात, आणि पाय खाली गेले की आपण बुडतोच आहोत अशी त्याची खात्री पटते. वस्तुतः शरीराने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका वर मिळणारा रेटा, ज्यास उत्प्लावक बल म्हणतात, फुप्फुसे हवेने भरलेली असताना बहुतेकांना तरंगत ठेवण्यास पुरतो. म्हणून हातपाय मारण्याआधी पाण्यात तोंड घालून नाकातून सावकाश बुडबुडे सोडण्याचा सराव आवश्यक ठरतो. याच जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खारट, अल्कधर्मी पाण्यात हा रेटा किंचित वाढेल, परंतु २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांत, असलेले ते सरोवर सरावाची जागा नव्हे. विहीर पावसाळ्यानंतर तुडुंब भरली की पाय टेकण्याची सोय नसते आणि उन्हाळ्यात पाणी खोल गेले की वर येणे अवघड होते. त्यामुळे भित्र्या प्रौढास छातीइतक्या पाण्याचा बांधीव तलावच बरा, निदान सुरुवातीचे काही आठवडे.