सागरपक्ष्यांची नोंदवही

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून काही मैल आत खडकाळ बेटांचा एक समूह आहे. पक्षिशास्त्रात तो ‘वेंगुर्ला रॉक्स’ या नावाने परिचित आहे. येथील उघड्या कातळावर आणि कपारींत सुरय पक्षी अंडी घालतात. गुहांमध्ये पाकोळ्यांची वसती आहे. ए. ओ. ह्यूम १८७५ च्या लक्षद्वीपच्या सफरीत येथे येऊन गेले. हुमायून अब्दुलअली यांचे येथील सुरय व पाकोळ्यांवरील टिपण १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या दोन नोंदींत ६७ वर्षांचे अंतर आहे. भेट आणि देखरेख यांतील भेद अशा अंतरातूनच ध्यानात येतो.

भेटीस गेलेल्याला थवा दिसतो आणि थवा फसवा असतो. सागरपक्षी दीर्घायुषी, काही वर्षे एकही पिल्लू जगले नाही तरी आकाश भरलेलेच भासते. १९७० साली कॅलिफोर्नियानजीकच्या अ‍ॅनाकापा बेटावर तपकिरी पाणकोळी, म्हणजे पेलिकन, नेहमीप्रमाणे घरटी करून बसले होते. परंतु डीडीटीच्या अंशामुळे अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली होती, की उबवणाऱ्या पक्ष्याच्याच भाराने ती फुटत. पाचशेहून अधिक घरट्यांतून जेमतेम एक पिल्लू वाढले. कवच पातळ झाले हे कळले, ते संग्रहालयांत जपलेल्या जुन्या अंड्यांशी ताडून पाहिल्यामुळे. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली, तिच्यामागे अशा मोजमापांचे बळ होते.

म्हणून पक्ष्यांचे आरोग्य जाणायचे तर थव्याखेरीज अंडी किती, त्यांतून उडती झालेली पिल्ले किती, पिसांत पारा किती साचला, हेही पाहावे लागते. आणि तेही वर्षानुवर्षे, त्याच हंगामात, त्याच पद्धतीने. मात्र पाहणाऱ्याचे पाऊलही निरुपद्रवी नसते. माणूस जवळ येताच सुरय उडतात आणि तापल्या कातळावर अंडे उघडे पडते. लगामी सुरयाच्या जोडीचे एका विणीत अंडे असते एकच. तेव्हा जाणकार निरीक्षक लांबून मोजतो, थोडा वेळ थांबतो आणि परततो.

अशा नोंदवहीत रोमहर्षक काही नसते. एखाद्या वर्षीचा आकडा एकटा मुकाच असतो. मागचे आणि पुढचे आकडे शेजारी आले म्हणजे तो बोलू लागतो. चुकलेला हंगाम मात्र मागाहून मोजता येत नाही.