न नांगरलेले रान

अमेरिकेत पूर्व कोलोरॅडोत वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर पाऊस. तिथे गहू काढल्यावर रान वर्षभर पडीक ठेवायचे आणि तण मारायला पुन्हापुन्हा नांगरायचे, ही जुनी रीत. 1930च्या दशकात अशीच उघडी पडलेली माती धुळीच्या वादळांत उडून गेली.

विनानांगरणीच्या शेतात गव्हाचे धसकट उभेच राहते. वारा त्यावर अडतो. हिवाळ्यातला बर्फ त्यात साचून जागीच वितळतो, ओल खाली मुरते. पेरणीयंत्राची तबकडी बी जाईल एवढीच फट पाडते. साठलेल्या ओलीवर गव्हामागून मकाही घेता येतो. तणनाशकाशिवाय मात्र हे सहसा जमत नाही, ही या पद्धतीची दुखरी बाजू.

हीच पद्धत सोलापूरकडे आणायची, तर अडचण निराळीच: ज्वारीचा कडबा रानात ठेवला, तर जनावरांनी खायचे काय? तिथे आधी वैरणीची सोय हवी.