काचवाल्या चाचांचं देणं

स्टेन्ड ग्लास शिकायची ओढ मला मुंबईत लागली, राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ ग्रंथालयात. तिथल्या रंगीत खिडक्यांच्या जतनाचं काम स्वाती चांदगडकर यांनी केलं. २०१५ मध्ये ते पूर्ण झालं. १८७८ साली उभा राहिलेला हा टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतला, त्यांच्या आईच्या नावाचा. त्यांची श्रीमंती कापसातली. अमेरिकेतल्या यादवीत मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले, आणि आमच्या वऱ्हाडचा कापूसही त्याच बाजारात जायचा. कापूसवाल्या घरातली मी, त्या खिडक्यांच्या उजेडात उभी राहिले तेव्हा त्यावर आपलाही थोडा हक्क आहे असं वाटलं.

हात मात्र यवतमाळच्या बाजारात तयार झाला. तिथले काचवाले चाचा तसबिरींना, खिडक्यांना काचा बसवायचे. काच कापायला शिकवाल का, असं विचारलं, तर त्यांनी गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारून फळीवर जागा करून दिली. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, एकाच दमात रेघ ओढायची, त्याच रेघेवर पुन्हा चाक फिरवायचं नाही. "दाबू नको, बाई. आवाज आयक," म्हणायचे. बारीक, सलग कर्रर्र आला की रेघ बसली. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून काच मोडायची. आतल्या बाजूचं वळण एकदम निघत नाही. ते पातळ कापांनी टप्प्याटप्प्यानं काढावं लागतं. मला सगळ्यात जास्त वेळ तिथेच लागला, आणि तिथेच चाचा सगळ्यात शांत असायचे. एका पैशाची फी त्यांनी घेतली नाही.

डाग द्यायला शिकवलं शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी. काचेच्या कडांना तांब्याची पट्टी गुंडाळायची, तिच्यावर फ्लक्स लावून साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं असलेली तार वितळवायची. रेडिओच्या कामाचं बारीक सोल्डरिंग आयर्न इथे पुरत नाही, म्हणून काकांनी स्वतःचं शंभर वॅटचं काढून दिलं. खिडकी उघडी ठेव, काम झालं की हात साबणानं धू, हेही रोज बजावलं. शिशाशी गाठ होती.

रंगीत काच मुंबईहून मागवायची तर परवडेना. दारव्ह्याकडचा एक जुना वाडा पाडला, तेव्हा दारांवरच्या झरोक्यांतल्या हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या काचा चाचांनी उतरवून आणल्या आणि गोणपाटात गुंडाळून माझ्यासाठी ठेवल्या. विकल्या असत्या तर चार पैसे सुटले असते. माझ्यावरचं सगळ्यात मोठं ऋण मी हेच मानते. त्या काचांत बारीक बुडबुडे आहेत. उन्हात धरल्या की रंग हलतो.

पहिलं पॅनेल कपाशीच्या फुलाचं केलं. देशी कपाशीचं फूल पिवळं, तळाशी जांभळा ठिपका. वाड्यातल्या काचांचे रंग तिथे चपखल बसले. कोपऱ्यात मी चाचांचं नाव कोरलं. राजाबाईंचं नाव टॉवरवर आहे, पण काच कापणाऱ्यांची नावं सहसा कुठे नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पॅनेल त्यांच्याच दुकानात लावलं. नावावरून बोट फिरवत चाचा म्हणाले, "नाव कशाले टाकलं? हे ठीक हाय, पण भाव सांग. सकाळपासून लोक इचारून राह्यले."


"इकाचं नाही, चाचा. तुमचं हाय."