इंद्रधनुष्याची दोन टोकं

तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी घरी इंद्रधनुष्य तांबड्यापासून सुरू व्हायचं, हिंदी शाळेत जांभळ्यापासून. आईचं ‘तानापिहिनिपाजा’, गुरुजींचं ‘बैनीआहपीनाला’. दोन्ही बरोबरच, कमानीत तांबडा बाहेर असतो नि जांभळा आत, तुम्ही कुठून शिरता एवढाच प्रश्न. घोळ व्हायचा तो मधे. आईचा पारवा म्हणजे शाळेतला ‘नीला’ आणि आईचा निळा म्हणजे तिथला ‘आसमानी’! यावरून ताईशी मी कडकडून भांडलोय. सातच रंग हा हट्ट न्यूटनचा, सुरांच्या सप्तकाशी मेळ बसावा म्हणून, हे फार उशिरा वाचलं. तेव्हा कळतं तर भांडणात कामी आलं असतं.

आजीकडे पावकी, निमकी होतीच, वर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. सात औटे साडेचोवीस. 1957 साली दशमान नाणी आली, आणे-पै गेले, पण भाजीवालीशी हिशेब करताना तिचे ओठ औटकीतच हलायचे. आम्ही हसायचो. अर्थात उत्तर तिचंच आधी यायचं.

‘यमाताराजभानसलगा’ मात्र घरी तेच, शाळेतही तेच. ओळीने तीन-तीन अक्षरं उचला, आठही गण हजर. मला यातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते. वृत्तं बहुतेक विसरलोय, चावी शाबूत आहे.

मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजायला कुणी शिकवलं, आठवत नाही. जुलै शेवटच्या उंचवट्यावर, ऑगस्ट दुसऱ्या मुठीच्या पहिल्या. दोघांचे दिवस 31. आज भाच्याला दाखवलं, तर म्हणाला, मामा, फोनमध्ये असतं ना.