शुक्रवारचा बीप

कामतघरला आमच्या घराखाली माग होते. धोट्यांचा खडखडाट दिवसरात्र चालायचा आणि अंगवळणी इतका पडलेला की तो थांबला की झोपमोड व्हायची. शुक्रवारी भिवंडीच्या मागांना सुट्टी. दादा कॉम्प्युटर उघडायचा तो शुक्रवारीच. रॅम नीट बसली की मशीन एकदाच बारीक आवाजात 'बीप' करायचं, नाही बसली तर लांब लांब ओरडत राहायचं. हे ऐकू यायचं तर गल्ली गप्प हवी.

ते मशीन २००३ सालचं, असेंबल केलेलं. इंटेलच्या ८४५जी चिपसेटचा मदरबोर्ड, १२८ एमबी रॅम, विंडोज एक्सपी. त्या १२८ मधूनही ऑनबोर्ड ग्राफिक्स आपला वाटा काढून घ्यायचं. दादा कोरल ड्रॉमध्ये लग्नपत्रिका करायचा. गणपती, वेलबुट्टीची चौकट आणि दोन्ही घरचा मजकूर एकत्र आला की रॅम संपायची, मग विंडोज उरलेलं ओझं हार्ड डिस्कवर टाकायचं. डिस्कची करकर सुरू झाली की आम्ही समजायचो. पत्रिकेतल्या एका मामाचं नाव बदललं तर ते पडद्यावर उमटेपर्यंत आईचा चहा होऊन जायचा. त्यातच भारनियमन. यूपीएस किंचाळायला लागला की आधी सेव्ह, बाकी सगळं नंतर.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांचे पैसे हाती आले तेव्हा आम्ही रॅम आणायला निघालो. एसटीने कशेळीची खाडी ओलांडून ठाणे, लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड आणि मग चालत लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पत्ता विचारताना ते नाव कुणीच घ्यायचं नाही. दादाच्या खिशात मदरबोर्डाचं नाव लिहिलेली चिठ्ठी होती. दुकानदाराचा पहिलाच प्रश्न, "एसडी की डीडीआर?" एसडीरॅमला १६८ पिना आणि दोन खाचा, डीडीआरला १८४ पिना आणि एक खाच. चुकीची घेतली तर पुन्हा अख्खा दिवस प्रवासात. त्याने काउंटरवरच्या उघड्या बोर्डात रॅम लावून दाखवली, चिपवर तारखेचं स्टिकर चिकटवलं. २५६ एमबी डीडीआर आणि ६४ एमबीचं जीफोर्स ४ एमएक्स ४४० कार्ड. कार्डाचा हट्ट माझा, व्हाईस सिटी खेळण्यासाठी. दादाने घासाघीस केली आणि कमी पडले तेवढे स्वतःच्या बसभाड्यातून घातले. ठाण्याहून आम्ही दोघं टेम्पोत मागे बसून आलो. पिशवी माझ्या मांडीवर होती. तो हट्ट त्याने पुरवला याचं मोल मला फार उशिरा कळलं.

पुढच्या शुक्रवारी कॅबिनेट उघडलं. आत कापसाची लव इतकी साठलेली की पंख्याची पाती दिसेनात. ब्रशने ती काढली. दादाने आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. जुन्या रॅमची सोनेरी पट्टी माझ्या कंपासपेटीतल्या खोडरबराने घासली, फुंकर न मारता, कारण तोंडातला दमटपणा पट्टीला लागतो. मग नव्या रॅमची खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी दाब. टक्, टक्, दोन्ही बाजूंचे पांढरे खटके आपोआप वर आले. शेजारची दोन पोरं दाराशी श्वास रोखून उभी. बटण दाबलं. बीप! आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं ना रे?"

२०२५ च्या डिसेंबरात दादाच्या मुलाने डेस्कटॉपची रॅम वाढवली. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ वर मशीन रखडायला लागलं. त्याने झोपण्याआधी फोनवरून ८ जीबीची डीडीआर४ मागवली. पार्सल कुठून निघालं ते पाहिलं, तर आमच्याच भिवंडीतल्या, माणकोलीकडच्या गोदामातून. ज्या वस्तूसाठी आम्ही दिवस घालवायचो, ती आता भाताच्या खाचरांवर उभ्या राहिलेल्या शेडमध्ये येऊन थांबलेली असते. भाव मात्र ऐकून मी चमकलो. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते म्हणून कारखाने तिकडे वळले, आणि मायक्रॉनने तर त्याच महिन्यात ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅमसाठी पैसे साठवायचे दिवस फिरून आले.

त्याचं ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं आहे, आमच्या कार्डाच्या १२८ पट. ते हातभर लांब, त्याला वीजपुरवठ्याची वेगळी वायर. रॅम बसवून त्याने बटण दाबलं. मी कान टवकारले, पण आवाज नाही. बोर्डावर एक बारीक दिवा लागला, विझला, आणि विंडोज उघडलं. "काका, स्पीकर आता देतच नाहीत," तो म्हणाला.

रात्री मी माळ्यावरून जुनं कॅबिनेट खाली काढलं. लव पुन्हा तशीच साठलेली होती, घट्ट बसलेली. ब्रश, गजाला हात, खोडरबर, सगळं त्याच क्रमाने. रॅम दाबली, दोन्ही खटके टकटकले. बटण दाबलं.

बीप इतका स्पष्ट आला की पलीकडच्या खोलीतून दादा उठून आला. खालचे माग विकले गेल्याला आता बरीच वर्षं झाली. तो मंगळवार होता.