माणशी एक खुर्ची

दहा चौरस मीटर जागेत माणसं किती मावतात? उभी असतील तर ४७, खुर्च्यांवर बसवली तर तीसएक. पहिला आकडा ब्रिटनच्या 'ग्रीन गाइड'मधला. स्टेडियम बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हे पुस्तक असतं. फिरत्या फाटकातून तासाला फार तर ६६० माणसं आत येतात असं धरा, बाहेर पडताना मीटरभर रुंद सपाट वाटेवरून मिनिटाला ८२ आणि जिन्यावरून ६६ धरा, एरवी आठ मिनिटांत स्टँड रिकामा व्हायला हवा, असलं सगळं त्यात आहे. मी मूळचा कोल्हापूरचा, पण पोट भरतं ते इंग्लंडमध्ये, या आकड्यांवर. फुटबॉल मैदानाभोवतीचे स्टँड आखणं हा माझा व्यवसाय.

क्लबांच्या बैठकांना बसलो की एक प्रश्न हमखास निघतो: तरुण पोरांना मैदानाकडे ओढायचं कसं? आणि लगोलग कुणीतरी फोनचं नाव घेतं. आजच्या मुलांना नव्वद मिनिटं एका जागी बसवत नाही, गोलांचे व्हिडिओ बघून त्यांचं भागतं, वगैरे. मग मोठे पडदे, वेगवान वायफाय, अ‍ॅपवरून खुर्चीपर्यंत येणारा बर्गर अशी यादी होते. हे निदान सगळ्यांच्या सोयीचं आहे, कारण त्यात दोष पोरांचा निघतो. प्रीमियर लीगची फँटसी स्पर्धा एक कोटीहून जास्त लोक खेळतात. कोण जखमी, कोण बाकावर, हे त्यातल्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांना फुटबॉलचा कंटाळा आलाय म्हणणं जरा धाडसाचंच. माझं म्हणणं एवढंच की पोरांची मैदानातली जागा गेली. अगदी चौरस मीटरांत मोजता येईल अशी गेली.

लिव्हरपूल शहराचं उदाहरण घेतो. लिव्हरपूल क्लबाचं अ‍ॅनफिल्ड आणि एव्हर्टन क्लबाचं गुडिसन पार्क ही दोन मैदानं स्टॅन्ली पार्कच्या दोन अंगांना आहेत, एकीकडून दुसरीकडे चालत जाता येतं. दोन्हीकडे एके काळी 'बॉइज पेन' होतं. पोरांचा कोंडवाडाच म्हणा: कोपऱ्यातला कठड्यांनी बंद केलेला तुकडा, तिकीट स्वस्त, मोठ्यांना मज्जाव. आत दंगामस्ती, मारामाऱ्या. अ‍ॅनफिल्डचं पेन कॉप नावाच्या अवाढव्य स्टँडला लागून होतं आणि धीट पोरं कठडा चढून कॉपमध्ये उतरायची. (कॉपला ते नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पियन कॉप टेकडीवरून पडलं. १९००च्या जानेवारीत तिथे इंग्रजांचा बोअरांनी फडशा पाडला, आणि त्या लढाईत जखमींना डोल्यांतून वाहून नेणाऱ्या हिंदी तुकडीत मोहनदास गांधी होते. अ‍ॅनफिल्डला जाणाऱ्या आपल्या मंडळींना मी हे आवर्जून सांगतो.) ज्यांच्याकडे पेनचेही पैसे नसत ती पोरं बाहेर थांबत. सामन्याचा पाऊण भाग उलटला की लवकर निघणाऱ्यांसाठी फाटकं उघडायची आणि ही आत घुसायची. शेवटची वीसेक मिनिटं फुकट. लहानग्यांना तर बाप फिरत्या फाटकावरून उचलून पलीकडे ठेवायचा. सामना चालू असताना गल्लीत लावलेल्या गाड्यांवर नजर ठेवली तर चार पैसेही सुटायचे.

या सगळ्यात एक गोष्ट होती जी मी आज कुठल्याच आराखड्यात घालू शकत नाही. जागेला नंबर नव्हता. चौदा वर्षांचा मुलगा फाटकावर रोख पैसे देऊन आत जायचा आणि ठरलेल्या लोखंडी कठड्यापाशी जाऊन उभा राहायचा. दोस्त तिथेच भेटणार हे ठाऊक असायचं. बाप तिकडे आपल्या दोस्तांत. गाणी कुठली म्हणायची, शिवी कितपत चालते, बाराव्या मिनिटाला दोन गोल खाल्ल्यावर तोंड कसं ठेवायचं, हे पोरगं मागे उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या पोरांकडून शिकायचं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, ज्याची त्याची तालीम आणि ज्याची त्याची पायऱ्यांवरची बाजू. आपल्या पेठेची पोरं कुठे बसलीत ते आवाजावरून कळतं.

पण उभ्या जागांचं कौतुक करताना माझ्या पेशातल्या माणसाला हात आखडता घ्यावा लागतो. १९८५ मध्ये ब्रॅडफर्डचा लाकडी स्टँड पेटला, ५६ माणसं गेली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, जाळ्यांनी बंदिस्त केलेल्या उभ्या जागेत लिव्हरपूलचे समर्थक चेंगरले. बळींची संख्या आज ९७ धरली जाते, त्यांतले बहुतेक तिशीच्या आतले आणि सर्वांत धाकटा दहा वर्षांचा. दोष वर्षानुवर्षं त्यांच्यावरच टाकला गेला. त्यांचा मृत्यू बेकायदा होता आणि समर्थकांची चूक नव्हती, हे न्यायचौकशीतून अधिकृतपणे यायला २०१६ उजाडलं.

हिल्सबरोची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. सगळ्यांना बसायला जागा द्या, ही त्यातली शिफारस सर्वांना पाठ आहे. वरच्या दोन विभागांतल्या क्लबांना त्यासाठी १९९४चा ऑगस्ट ही मुदत मिळाली. पण खुर्च्या आल्या म्हणून तिकीट गरिबाच्या आवाक्याबाहेर जायचं कारण नाही, असंही टेलर यांनी लिहिलं होतं, आणि ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला होता: उभं राहायला ४ पौंड, बसायला ६. अहवालाचा हा भाग क्लब सोयीस्करपणे विसरले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग आणि तिच्याबरोबर उपग्रह वाहिनीचा पैसा आला. ३० एप्रिल १९९४ ला कॉपवर लोक शेवटचे उभे राहिले. पूर्वी जिथे पंचवीस-अठ्ठावीस हजार दाटीवाटीने मावत, तिथे बारा हजारांच्या थोड्या वर खुर्च्या बसल्या. जागा निम्म्याहून कमी, मागणी वाढती. पुढचं गणित शाळकरी पोरही करील.

मग आला सीझन तिकिटाचा काळ. एकदा खुर्ची मिळाली की माणूस ती सोडत नाही, दरवर्षी नूतनीकरण करतो, आणि खुर्चीबरोबर म्हातारा होतो. वाड्यातल्या पागडीच्या खोलीसारखं. त्याच्या मुलाला कधी ती जागा मिळते, शेजारच्या मुलाला नाही. उरलेली तिकिटं आधी सदस्य व्हा, मग सोडतीत नाव घाला, अशी मिळतात. माझा एक भाचा इथे शिकायला आहे. मोठ्या क्लबाच्या सामन्याची तिकिटं त्याला आणि त्याच्या दोन दोस्तांना लागली तेव्हा त्याचा फोन आला, "मामा, तिकिटं मिळाली, पण तिघं तीन ब्लॉकांत." तिकीट ज्याच्या त्याच्या फोनमध्ये, फाटक ते फोनवरूनच वाचतं, अदलाबदल अ‍ॅपच्या नियमांनी. मध्यंतराला तिघं पेयांच्या रांगेत भेटले, तेवढीच त्यांची मॅच. पेलाही तिथेच रिता करायचा, कारण मैदान दिसेल अशा ठिकाणी दारू प्यायला १९८५ पासून कायद्याने बंदी आहे.

वेळेचंही असंच. शनिवारी दुपारी तीनचे सामने ब्रिटनमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच प्रक्षेपण बंद. लोकांनी घरात न बसता आपल्या गावच्या छोट्या क्लबाला जावं म्हणून साठच्या दशकापासूनची ही पद्धत. पण भारतात तेच सामने थेट दिसतात, हिवाळ्यात रात्री साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला. म्हणजे मंगळवार पेठेतला पोरगा जेवता जेवता बघतो तो सामना अ‍ॅनफिल्डच्या मागच्या गल्लीतल्या पोराला घरी कायदेशीरपणे बघता येत नाही, आणि शंभर पावलांवरच्या मैदानात जायला त्याच्याकडे तिकीट नाही. आवाज मात्र खिडकीतून फुकट येतो.

लोक गप्प बसले असंही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं तेव्हा संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. संघ दोन गोलांनी पुढे होता. सामना २-२ सुटला. काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी परगावच्या समर्थकांच्या तिकिटाला प्रीमियर लीगभर ३० पौंडांची मर्यादा लागली. म्हणून आज इंग्लंडमध्ये पोरांचा खरा जल्लोष बघायचा तर पाहुण्यांचा कोपरा बघा. तिथे ती एकत्र येतात, एकत्र उभी राहतात, आणि यजमानांचे चाळीस हजार लोक त्यांच्याकडे वळून वळून बघतात.

उभं राहणं आता कायद्यात परत आलंय. २ जानेवारी २०२२ रोजी चेल्सी-लिव्हरपूल सामन्यात त्याचा पहिला प्रयोग झाला आणि पुढच्या हंगामापासून ते सर्वांना खुलं झालं. खुर्चीला कंबरेएवढा लोखंडी कठडा जोडलेला असतो, त्यामुळे माणसं एकमेकांवर कोसळत नाहीत. मी असे ब्लॉक आखले आहेत आणि मला ते आवडतात. पण एक अट आहे: माणशी एक खुर्ची. उभे राहिलात तरी संख्या तेवढीच. जर्मनीत तसं नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिणेकडच्या स्टँडवर लीग सामन्याला २४ हजारांहून जास्त माणसं उभी राहतात. तेवढ्याच जागेत जास्त लोक, म्हणून तिकीट स्वस्त, आणि बहुतेक ठिकाणी त्यातच स्थानिक गाडीचं भाडंही धरलेलं. सोळा-सतरा वर्षांची पोरं तिथे आपापल्या टोळक्याने येतात आणि क्लब आपला आहे असं समजून वागतात. २०२३-२४ च्या हंगामात जर्मन लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराशी सौदा करायचा घाट घातला, तेव्हा समर्थकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामन्यांमागून सामने थांबवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो बेत सोडला.

उभ्या ब्लॉकची दुसरी अडचण तांत्रिक आहे. प्रेक्षकाच्या डोळ्यापासून मैदानाच्या कडेपर्यंत रेघ ओढा. पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून ती जाते, त्याला आम्ही 'सी-व्हॅल्यू' म्हणतो. ९० मिलिमीटर असेल तर उत्तम, ६० म्हणजे कसंबसं. हे सगळं बसलेल्या माणसाचं गणित. पुढचा गडी उभा राहिला की मागच्या आठ वर्षांच्या पोरीला फक्त त्याची पाठ दिसते. म्हणून लहान मुलांसाठी वेगळा फॅमिली स्टँड: तोंडं रंगवून देणारी बाई, क्लबाचा अस्वल नाहीतर वाघ झालेला माणूस, शेजारी आई किंवा बाप. दुसऱ्या टोकाला सतरा-अठराच्या पुढच्यांसाठी कठड्याच्या खुर्च्या. मधल्या वयाला काय? तेराव्या वर्षी वाघाबरोबर फोटो काढायची लाज वाटते, आणि अनेक क्लब त्या वयाला मोठ्या माणसाशिवाय आत सोडत नाहीत. जुन्या बॉइज पेनचं गिऱ्हाईक हेच होतं. आजच्या आराखड्यात नेमकी त्यांचीच रेघ नाही.

अपवाद मला मुलींच्या बाजूने दिसला. ३१ जुलै २०२२ ला वेम्बलीत महिलांच्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना ८७,१९२ लोकांनी बघितला. तेव्हापासून महिलांच्या सामन्यांना शाळकरी मुलींची टोळकी दिसू लागली आहेत. तिकीट परवडतं, जागा शेजारी-शेजारी मिळतात, आणि सामना संपल्यावर खेळाडू कठड्याशी येऊन थांबतात. एव्हर्टनचा पुरुषांचा संघ २०२५ मध्ये नदीकाठच्या नव्या स्टेडियमात गेला आणि १८९२ पासूनचं गुडिसन पार्क पाडायच्या ऐवजी महिला संघाला मिळालं. तिथे आर्चिबाल्ड लीच या इंजिनिअरच्या काळातले लोखंडी फुल्याफुल्यांचे सज्जे आणि लाकडी फळ्यांची जमीन अजून आहे. लीच हा आमच्या धंद्याचा आद्यपुरुष. त्याच्याच आयब्रॉक्सवर १९०२ मध्ये लाकडी स्टँड कोसळून २५ माणसं गेली, तरी पुढची तीन दशकं अर्ध्या ब्रिटनची मैदानं त्यानेच बांधली. त्याच्या फळ्यांवर आता बारा वर्षांच्या मुली पाय आपटतात. तो आवाज काँक्रीटमध्ये येत नाही.

नव्या स्टेडियमांनी निदान आकार तरी ओळखलाय. टॉटनहॅमचा दक्षिण स्टँड साडेसतरा हजारांचा, एव्हर्टनचा सुमारे तेरा हजारांचा, दोन्ही एकसंध आणि उभ्या चढाचे. डॉर्टमुंडकडे बघून आखलेले, हे कुणी लपवतही नाही. आवाज छान घुमतो. पण भिंत उभारली म्हणून कोरस जमत नाही. कोरसला एकत्र वाढलेली पोरं लागतात.

सध्या एका क्लबाच्या विस्ताराचं काम टेबलावर आहे. वायव्य कोपऱ्यात सहाशे जागांचा एक तुकडा मी चौदा ते सतरा वयाच्या पोरांसाठी दाखवलाय: कठडे, नंबर नसलेल्या जागा, स्वतंत्र फाटक, बाहेर पडायला दोन जिने, देखरेखीला गणवेशातली माणसं. फाटक एकच पुरतं, पण पोरं सगळी शेवटच्या वीस मिनिटांत उगवतात हे जाणून मी तीन धरली आहेत. सुरक्षा अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारून मान डोलावली. वित्त विभागाला त्याच कोपऱ्यात काचेची बारा दालनं हवी आहेत, जेवणासकट. पुढच्या बैठकीला तिकीट विभागाचे लोक येणार आहेत. त्यांनी आधीच ईमेलने विचारलंय की जागेला नंबर नसेल, तर न आलेल्या पोराची जागा परत विकायची कशी.